पुढं काय झालं तिचं

सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर मृण्मयी आलीच नाही. तिच्या जागी दोन दणकट पुरुष लुगडी नेसून एकमेकांच्या मागं पळत होते आणि कुठली तरी न दिसणारी माणसं खदाखदा हसत होती. सिद्धलिंग नष्टे नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखा बसला होता. दुकान बंद करून येऊन, हातपाय धुऊन, कपाळावर विभूतीची बोटं ओढून, चहाची बशी तळहातावर तोलून. आधी त्याला वाटलं, केबलवाल्यानं चॅनलांची अदलाबदल केली असेल. त्यानं सगळे चॅनल एकदा उलटे फिरवले, एकदा सुलटे फिरवले, आणि पुन्हा त्या लुगडी नेसलेल्या पुरुषांपाशी आला तेव्हा पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत होती. प्रेक्षकांच्या आग्रहास्तव आजपासून याच वेळी नवी विनोदी मालिका. म्हणजे मृण्मयीची मालिका संपली. पण संपली कुठं होती? शुक्रवारी मृण्मयी रिक्षातून उतरली होती, दिवस भरलेली, एकटी, आणि दवाखान्याच्या पायरीवर कठडा धरून उभी राहिली होती. तिच्या ओठावरचा घाम अगदी जवळून दाखवला होता. मग नटनट्यांची नावं वर सरकत गेली होती. ती अजून तिथंच, त्या पायरीवर, कठडा धरून उभी असणार. भिंतीला टेकून शेंगा फोडत बसलेल्या शिवलीलानं, त्याच्या बायकोनं, हातातली शेंग तशीच सुपात टाकली आणि ती उठून आत गेली. आत भांडं वाजलं नाही, नळ सुटला नाही.

लक्ष्मीपुरीत मिरचीचा घाऊक व्यापार करणारा माणूस हा. पोत्यांच्या धुरळ्यात उभी हयात काढल्यानं आवाज घोगरा झालेला, आणि त्या घोगऱ्या आवाजाला बाजारातली सगळी लाईन दबकून असलेली. असा माणूस दिवेलागणीला गल्ल्यावरून उठून बायकांची मालिका बघायला घर गाठतो, ही बाजारात काही दिवस थट्टेची गोष्ट झाली होती. दुकानातला जुना हमाल आकाराम पोतं पाठीवर घेता घेता विचारायचा, “आण्णा, मृण्मयीचा बाप वळला का न्हाय अजून?” सिद्धलिंग म्हणायचा, “बायकू बघती. म्या आपला बसतो.” मालिकेला काहीतरी भारदस्त नाव होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, सगळे तिला मृण्मयीच म्हणत. पुण्यातल्या बंगल्यातली मुलगी, बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून मुंबईला गेलेली, आणि तो पांढऱ्या केसांचा बाप सारखा खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहायचा. सिद्धलिंगला तो बाप आवडत नसे. इतका वेळ खिडकीत उभं राहायला ह्याला सवड कुठून मिळते, असं वाटे. पण मृण्मयी दिसली की बशीतला चहा प्यायचं त्याला भान राहत नसे.

दानेश्वरी, त्याची एकुलती एक मुलगी, जिला घरात दानू म्हणत, ती दोन हजार सालच्या दिवाळीनंतर अशीच गेली होती. कॉलेजला म्हणून गेली आणि संध्याकाळी शेजारच्या शालूबाईंच्या घरी तिचा फोन आला की तिनं रजिस्टर लग्न केलंय. मुलाचं नाव सयाजी, मराठ्याचा, इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सिद्धलिंगनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पाहायचंही नव्हतं. त्यानं न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाण्याची घागर ओतून घेतली, निथळत्या अंगानं बाहेर आला, गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि शिवलीलाला म्हणाला, “मेली ती. आजपासनं ह्या घरात तिचं नाव निघायचं न्हाय. माझ्या तोंडातनं न्हाय, तुझ्याबी न्हाय. निघालं तर म्या हितं ऱ्हाणार न्हाय.” शिवलीला खाली बसली. तिनं फरशीवर सांडलेलं पाणी फडक्यानं टिपून घेतलं. शपथ घेताना आपला हात थरथरला तो रागानं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. नंतर कित्येकदा दुकानात, वजनकाट्याकडे बघता बघता, तो हात त्याला पुन्हा दिसायचा, आणि रागानंच थरथरला होता का, हे तितकंसं नक्की वाटायचं नाही.

मालिका सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ते घडलं. जाहिराती लागल्या होत्या आणि शिवलीला टीव्हीकडे बघतच म्हणाली, “तिला पाणी लांबनं आणायला लागतंय. खोल्या दोन हायत, पर नळ गल्लीच्या टोकाला.” सिद्धलिंगच्या आधी ध्यानात आलं नाही. मृण्मयी मुंबईत उंच इमारतीत राहत होती आणि त्या दिवशी तर गालिच्यावर बसून फुलदाणीत फुलं लावत होती. मग ही कुठली ‘ती’, ते त्याला कळलं. तो बायकोकडे वळला नाही. वळला असता तर ते बोलणं म्हणजे शपथ मोडणं झालं असतं, आणि मग त्याला आरडाओरडा करावा लागला असता. जाहिराती संपल्या, मृण्मयीनं उरलेली फुलं लावली. पुढच्या जाहिराती लागेपर्यंत तो थांबला आणि मग पडद्याकडेच बघत म्हणाला, “नवरा आणत न्हाय व्हय पाणी?” “आणतोय की,” शिवलीला म्हणाली, “कारखान्यात पाळी नसंल तवा तोच आणतोय.” त्या दिवसापासून त्या खोलीत दोन मुली राहू लागल्या. एक पडद्यावर, एक जाहिरातींमध्ये. शिवलीलाला बातम्या शालूबाईंच्या फोनवरून मिळत असणार. त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. नाव कुणीच घेतलं नाही. “रातभर माग खडखडत असत्यात, सुरवातीला झोप लागायची न्हाय तिला. आता बंद पडलं की जाग येती म्हणती.” “घरात मटण शिजलं की भाईर जाऊन बसती. सासू काय बोलत न्हाय, उलट तिच्यापुरतं वांगं येगळं करती.” सिद्धलिंग म्हणाला होता, “सासू बरी दिसती.” तेव्हा साखर मागायला आलेल्या शालूबाई दारातून म्हणाल्या, “कोण, मृण्मयीची सासू? आवो, ती तर इख घालाय टपलीया.” आणि शिवलीला तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला दिवस गेल्याचंही त्याला असंच कळलं. दुसऱ्या दिवशी येताना तो कैऱ्या घेऊन आला, आणि त्या कुणासाठी हे शिवलीलानं विचारलं नाही. चार दिवसांनी कैऱ्या घरात नव्हत्या. शेवटची बातमी शुक्रवारची होती. “पाय सुजल्यात तिचं. बीपी वाढलंय. डॉक्टरीण म्हणली मीठ बंद करा, आणि डोकं लई दुखाय लागलं, डोळ्यांम्होरं चांदण्या आल्या तर हाय तसं उठून या.” जवळ कोण असतं तिच्या, असं त्याला विचारायचं होतं. पण तेवढ्यात जाहिराती संपल्या, मृण्मयी रिक्षात बसली, आणि त्यानं ते सोमवारवर ठेवलं.

आता सोमवार होऊन गेला होता आणि विचारायची जागाच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तो खुर्चीत जाऊन बसला. शिवलीलाही सूप घेऊन आली, बहुधा सवयीनं. टीव्हीवर ते दोघे पुरुष आता एका पोलिसाला फसवत होते. त्यानं घसा साफ केला. “बंद का केली म्हणायची?” “बघणारं कमी झालं हुतं म्हणं.” शेंगांची टरफलं कटकट फुटत होती. “मग तिचं… पुढं काय झालं आसंल तिचं?” कटकट थांबली. शिवलीलानं मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्या खोलीत, त्या वेळेला, तिनं असं त्याच्याकडे पाहिल्याला वर्षं झाली होती. “कुणाचं?” ती म्हणाली. त्यानं तोंड उघडलं. नाव अगदी दातांच्या मागं येऊन थांबलं होतं, ते त्याला जिभेवर जडसुद्धा लागलं. टीव्हीतली माणसं खदाखदा हसली. “मृण्मयीचं,” तो म्हणाला. “ती खोटी हाय की वो,” शिवलीला म्हणाली, आणि सूप उचलून आत निघून गेली.

ती बातमी दडवतेय, की त्याच्या तोंडून नाव निघायची वाट बघतेय, हे त्याला ठरवता येईना. रागावली असेल तर एक वेळ बरं. पण ती रागावलेली दिसत नव्हती. कसलासा अंदाज घेत असल्यासारखी ती घरात हलकी पावलं टाकत होती. भाकरी वाढताना तिची नजर त्याच्या ताटापर्यंत यायची आणि वर न चढता परत फिरायची. दुकानात त्याचं लक्ष लागेना. गिऱ्हाईक भाव विचारी आणि तो “काय?” म्हणे. आकाराम एकदा चहा पिताना सहज बोलून गेला, “नटी सोडून गेली म्हणं, आण्णा. मग एका भागात मारून टाकायची हुती की तिला. लोकास्नी कळलं तरी आसतं.” सिद्धलिंग ताडकन उठला आणि पोत्यांच्या मागच्या अंधारात जाऊन उभा राहिला. तिथं मिरचीचा खकाणा नाकाडोळ्यांत गेला, पाणी वाहू लागलं, आणि कुणी बघितलं असतं तरी त्याला कारण विचारलं नसतं. इचलकरंजी काही दूर नाही, एसटीत बसलं की माणूस तासाभरात पोचतं, हे त्याला कळत होतं. पण तिथं जाऊन काय म्हणायचं? कुणाला भेटायला आलो म्हणायचं? जिच्या नावानं आंघोळ केली तिला? शपथ मोडली तर तिचं काही वाईट होईल, असं एक मन म्हणे. आणि दुसरं मन हळूच म्हणे, वाईट तर तू तेव्हाच करून ठेवलंस, तोंडानं म्हणालास की नाही, मेली म्हणून.

ही भीती त्याच्या ओळखीची होती. संकेश्वरच्या बाजूला त्यांचं गाव, तिथं तो लहान असताना त्याची थोरली बहीण मल्लव्वा बाळंतपणाला माहेरी आली होती. त्याला त्या दिवशी गोठ्यात बसवून ठेवलं होतं. म्हैस रवंथ करत होती, तिच्या पाठीवर माश्या बसत आणि उडत होत्या. माजघरातून आधी अक्काचा आवाज येत होता, मग बायकांचे आवाज येऊ लागले, मग कुणाचेच येईनात. एकेक बाई बाहेर आली. प्रत्येकीनं त्याच्याकडे बघायचं टाळलं, हे त्या वयातही त्याला कळलं. मावशीनं येऊन त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. “अक्का कुठं हाय?” “झोपली हाय. गप बस.” तो गप बसला आणि त्यानं तो गूळ खाल्ला, सगळा, तळहात चाटून. दिवस कलल्यावर त्याला बाहेर अंगणात नेलं तेव्हा अक्का बसलेली होती. नवं लुगडं, गळ्यात हार, कपाळभर विभूती. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवली होती, त्यांच्यात माणसाला अखेरचं नेतात तशी. पण त्याला ते माहीत नव्हतं. ती बसलीय म्हणजे बरी झाली, असं समजून तो धावला होता आणि मोठ्यानं हाका मारू लागला होता, “अक्का, ए अक्का,” आणि कुणीतरी मागून त्याचं तोंड दाबलं होतं. त्या हाताला हळदीचा वास होता. पुढं काय झालं ते त्याला कुणी, कधीच, शब्दानं सांगितलं नाही. मोठा होता होता ते त्याला आपोआप माहीत होत गेलं. दानूच्या वेळेला शिवलीलाचे दिवस भरले तसा तो मिरचीच्या खरेदीला म्हणून ब्याडगीला निघून गेला, आणि दोघी सुखरूप असल्याची तार आल्यावरच परतला. हंगाम होता, असं तो लोकांना सांगत असे. हंगाम नव्हता. दानू चार-पाच वर्षांची झाल्यावर जेवणानंतर त्याच्या पोटावर बसून गोष्ट मागायची, आणि दिवसभराच्या शिणानं गोष्टीच्या मधेच त्याचा डोळा लागायचा. मग ती आपल्या बोटांनी त्याच्या पापण्या उचलायची. “आप्पा, पुढं?” सुटका करून घ्यायला तो म्हणायचा, “पुढं सगळी सुखानं नांदली.” ती म्हणायची, “आसं न्हाय. मधलं सांगा.”

गुरुवारी दुपारी तो जेवायला घरी आला तर दाराला कुलूप होतं. शिवलीला कुठं जाणार असली तर आदल्या दिवशीच सांगे. तो पायरीवर उभा राहिला. शालूबाई त्यांच्या दारातून किल्ली घेऊन आल्या आणि किल्ली देताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या कुलपाकडे बघत होत्या. “वैनी गेल्यात इचलकरंजीला. सकाळी फोन आलता.” “का?” “बस्टँडच्या मागं डॉक्टरणीचा दवाखाना हाय म्हणं, तितं.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आण्णा, बसा की आत. च्या टाकते. ऊन लई हाय.” त्यांच्या हाताला काहीतरी पिवळं लागलेलं होतं, स्वयंपाकातून उठून आल्या असतील, हळद असेल. सिद्धलिंग दोन पावलं मागं सरला. किल्ली त्याच्या हातातून पडली ती त्यानं उचलली नाही. “काय झालंय?” त्यानं विचारलं, पण आवाज निघाला नाही, नुसती हवा निघाली, आणि शालूबाईंना ती ऐकू आली नसावी. तो गल्लीतून चालू लागला आणि मग धावू लागला. एवढा थोराड माणूस धोतराचा सोगा हातात धरून भर दुपारी धावतोय म्हणून पानपट्टीवरची माणसं उठून उभी राहिली. वाटेत कुणीतरी ओरडलं, “आण्णा, काय झालं वो?” आणि त्याला वाटलं, मीच विचारतोय, मलाच कुणी सांगत नाही.

एसटीत त्याला खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी शिरोली ओलांडून गेली, उसाचे मळे सरकू लागले, शेजारची म्हातारी त्याला कुठं निघालाय विचारू लागली आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मिटल्यावर पायरी दिसली. कठडा धरून उभी असलेली बाई दिसली, पण तिचं तोंड मृण्मयीचं नव्हतं, दानूचंही नव्हतं. कुणाचं आहे ते बघायला गेलं की त्या तोंडावर कपाळभर विभूती दिसायची. त्यानं डोळे उघडले. ‘मेली ती.’ हे शब्द त्यानं मोठ्यानं म्हटले होते, ओल्या अंगानं, लिंगावर हात ठेवून. बोललेले शब्द जातात कुठं? तो आजवर समजत होता, हवेत विरून जातात. आता त्याला वाटलं, नसतील जात. आढ्याला बसून राहत असतील, आपली वेळ यायची वाट बघत. हातकणंगल्याला गाडी बराच वेळ थांबली. कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी निवांत बोलत होता, हसत होता. सिद्धलिंगला त्याच्यावर ओरडायचं होतं. अख्ख्या लक्ष्मीपुरीला गप्प करणारा त्याचा आवाज त्याला सापडेना. आणि त्याच वेळी, अगदी आतून, कुणीतरी म्हणत होतं की गाडी अशीच थांबून राहू दे. पोचलो नाही तोवर ती आहे. कळलं नाही तोवर काही झालेलं नाही. आपण इतकी वर्षं ह्याच हिशेबानं जगलो, हे त्याला तिथं, त्या थांबलेल्या गाडीत कळलं.

इचलकरंजीत उतरल्यावर त्याला आधी तो आवाज ऐकू आला. गल्लीगल्लीतून, पत्र्याच्या छपरांखालून, एकसारखा खडखडाट. जमिनीतून वर येऊन तळपायांना लागणारा. ह्या आवाजात ती झोपते. दवाखाना लगेच सापडला, दोन मजल्यांचा, पिवळा. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, “कुणाकडं आलाय, काका?” त्यानं तिच्या वर, भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे पाहिलं. “बसतो जरा,” तो म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या बाकाच्या टोकावर बसला.

बाकावर आणखी एक माणूस होता. पंचविशीचा, काटकुळा, केसांत आणि भुवयांवर कापसाची तूस अडकलेली. कामावरून तसाच उठून आला असणार. त्यानं सिद्धलिंगला जागा करून दिली. “टेका, पावणं. लई टाइम लागतोय हितं.” मागांच्या खडखडाटात राहणारी माणसं बोलतात तसा तो मोठ्यानं बोलत होता, शांत व्हरांड्यात त्याचा शब्द भिंतीवर आपटून परत येत होता. “तुमचं कोण हाय आत?” सिद्धलिंगनं नुसती मान हलवली. त्या माणसाला उत्तराची गरज नव्हती, त्याला बोलायचं होतं. “माझी मंडळी हाय. सकाळी भाकऱ्या करत हुती. डोकं दुखतंय म्हणली आणि पडली. झटका आला. जीभ चावली तिनं. म्या मागात बोटं तुटल्याली बघितल्यात, पावणं, पर असलं न्हवतं बघितलं. तवापासनं माझं हात बघा.” त्यानं हात पुढं धरले. ते थरथरत होते. सिद्धलिंगनं त्या हातांकडे पाहिलं आणि हा सयाजी आहे हे त्याला कळलं. हाच तो. पाळी नसेल तेव्हा पाणी आणणारा. त्याला काहीच वाटलं नाही, ना राग ना लाज. फक्त शुक्रवारपासून तोंडात राहिलेला प्रश्न बाहेर पडला. “कोण हाय तिच्याजवळ?”

“सासूबाई आल्यात. त्या आत हायत,” सयाजी म्हणाला. “मामा, म्हंजे माझं सासरं, न्हाय आलं. मागं म्या इचारलं सासूबाईस्नी, मामास्नी कळवू का? त्या म्हणल्या, त्यांस्नी सगळं ठावं हाय. मग येत का न्हाईत, म्हणलं, एवढा राग धरल्यात व्हय अजून? तर म्हणल्या, राग कसला बाबा. भित्यात.” तो जरासा हसला. “म्हणलं, लक्ष्मीपुरीतलं नष्टे आण्णा भित्यात? तर व्हय म्हणल्या. माझं लगीन झाल्यापासनं बघते म्हणल्या.” सिद्धलिंगनं बाकाची कड घट्ट धरली. शिवलीला. फरशीवरचं पाणी टिपताना, शेंगा फोडताना, ब्याडगीहून परत आल्यावर दार उघडताना. तिला सगळा वेळ माहीत होतं. आतून एका नर्सनं सयाजीच्या हातात चिठ्ठी दिली. तो उठला. “पावणं, इंजेक्शन आणाय सांगितलंय. हाक मारली तर तेवढं सांगा, सयाजी आत्ता येतोय म्हणून.” तो पळत गेला. मी कोण हे सांगायचं राहिलं, आणि सांगायला वेळ तर होता, असं सिद्धलिंगच्या मनात आलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आतलं दार उघडून आया बाहेर आली, जाडजूड, हिरव्या साडीची. तिनं व्हरांड्यावर नजर फिरवली. “दानेश्वरीचं कोण हाय?” सिद्धलिंगला सयाजीचा निरोप सांगायचा होता, तेवढा सांगून सुटता आलं असतं. “आवो, दानेश्वरीचं कोणी हाय का न्हाय हितं?” आया त्याच्याकडेच बघत होती. बघत होती, नजर चुकवत नव्हती. तो उठून उभा राहिला. “ती कशी हाय?” तो म्हणाला. “कोण ती?” आया म्हणाली. “बाळ का आई? पोरगी झालीया. लहान हाय, पर रडली चांगली.” “न्हाय. ती,” तो म्हणाला, “ती,” आणि पुढं काहीच येईना, तो ‘ती’ म्हणत राहिला, आणि आयेच्या कपाळाला आठी पडली. मग त्याचा जुना घोगरा आवाज व्हरांडाभर घुमला. “दानू. माझी दानेश्वरी. माझी पोरगी कशी हाय?” टेबलामागची मुलगी उठून उभी राहिली. आया म्हणाली, “हळू बोला की आप्पा. बरी हाय. मघाशी आणि एक झटका आलता, आता न्हाय. रातभर बघाय लागंल म्हणल्यात डॉक्टरीण. बसा तुम्ही, पडशीला.” ती आत गेली. तो उभाच राहिला. आढ्याकडे बघायचं त्याचं धाडस होत नव्हतं. पण काही कोसळलं नाही. बाहेर माग चालूच होते.

सयाजी धापा टाकत आला. सिद्धलिंग त्याला दारातच आडवा गेला. “पोरगी झाली तुम्हाला. दानू बरी हाय. अजून रातभर बघाय लागंल म्हणल्यात,” तो एका दमात म्हणाला, काही वगळलं जाऊ नये म्हणून. “म्या तिचा आप्पा.” सयाजी बघत राहिला. त्यानं वाकून पायांना हात लावायला सुरुवात केली, पण हातात इंजेक्शनाचा पुडा होता, तो कुठं ठेवावा हे त्याला सुचेना, आणि मग तो तसाच खाली पायरीवर बसला आणि मोठ्यानं रडू लागला. सिद्धलिंग त्याच्या शेजारी बसला. त्यानं त्याच्या हातातला पुडा काढून घेतला, आणि आत नेऊन दिला.

दिवे लागल्यावर त्यांना एकेकाला आत सोडलं. दानूचं तोंड इतकं सुजलं होतं की क्षणभर त्याला ते अनोळखी वाटलं. ओठ फाटलेला, हाताला सलाईन, डोळे अर्धवट. बाळ बाजूच्या पाळण्यात फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्याच्याकडे बघायचं त्याला सुचलं नाही. उशाशी स्टुलावर शिवलीला बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. “आप्पा,” दानू म्हणाली. जीभ जड झालेली. “कधी आलासा?” “दुपारीच आलो.” ती त्याच्याकडे बघत राहिली, गुंगीतून, पण नीट, सगळं बघत. “भ्यालासा?” तिनं विचारलं. सिद्धलिंगनं बायकोकडे पाहिलं. ती सलाईनच्या थेंबांकडे बघत होती. “व्हय,” तो म्हणाला. “लई भ्यालो, दानू.” तिनं डोळे मिटले. ते लगेच उघडले नाहीत. तो घाईनं तिच्या तोंडावर वाकला, श्वास लागतो का बघायला. “मीबी,” डोळे न उघडता ती म्हणाली. शिवलीला स्टुलावर जरा सरकली, आणि उरलेल्या जागेत तो अर्धामुर्धा टेकला.